फूल म्हणजे किती जड

आमच्या टोळीत 'जड' हा शब्द बोलायची पद्धत नव्हती.

आम्ही घरसामान हलवायचो. कपाटं, पलंग, शिलाई मशिनं, तिजोऱ्या, एकदा एक पियानो. ट्रकमधून उतरवायचं, जिना चढवायचं, घरमालकीण सांगेल त्या भिंतीला लावायचं आणि तिचं मत बदललं की समोरच्या भिंतीला. जिन्यात एकाने 'जड आहे' म्हटलं की दुसऱ्याचा हात सैल पडतो. घरमालक घाबरतो, मदत करायला मध्येच हात घालतो आणि बोटं चेमटून घेतो. म्हणून मुकादमाने शब्द ठरवून दिले होते. साधं ओझं असलं तर 'हलकं'. त्याहून जास्त असलं तर 'कापूस'. आणि 'फूल' ऐकलं की समजायचं, पाय रोवा, गप्पा बंद. सगळ्यात वजनदार ओझ्याला आमच्यात फूल म्हणत. तिजोरी फूल होती. पियानो तर अख्खी बाग.

ज्याच्याबद्दल लिहितोय त्याला सगळे कपाट म्हणत. उमेदीत त्याने एक लोखंडी कपाट एकट्याने पाठीवर घेऊन वरच्या मजल्यावर नेलं होतं, कारण जोडीदार लघवीला गेला होता आणि याला वाट बघायचा कंटाळा आला. तो जोडीदार मी. पण नाव टिकलं ते वेगळ्या कारणाने. त्याच्या आत काय ठेवलंय ते कोणाला दिसायचं नाही. दार लावलेलं, किल्ली त्याच्याकडे. त्याची बायको गेली तेव्हा लेक शाळेत होती. तो कामावर परत आला त्या दिवशी मी विचारलं, "कसं आहे?" तो म्हणाला, "फूल आहे." मग दोघांनी मिळून एक पलंग उचलला.

सामान घेऊन जिना चढताना वरचा माणूस उलटा चालतो, खालचा सुलटा. भार खालच्यावर येतो. कपाट कायम खाली. त्यामुळे उमेदीची सगळी वर्षं मी त्याचं तोंड बघत जिने चढलो. बायकोचं तोंड मी तेवढं बघितलं नसेल. तीही हेच म्हणते. ओझं हलकं असलं की तो शीळ घालायचा. कापूस असला की गप्प. फूल असलं की खालचा ओठ दातात धरायचा. त्याने शब्द उच्चारायच्या आधी मला ओठावरून कळायचं.

कामाचा तो कडक होता. वळणावर सामान टेकवू द्यायचा नाही. मध्ये टेकवलं की पुन्हा उचलताना पाठ जाते, असं त्याचं म्हणणं, आणि ते बरोबर होतं. ओझं खाली ठेवताना आवाज झाला की म्हणायचा, "उचललंस ते अर्धं काम. ठेवणं कोण करणार, तुझे सासरे?"

काम सुटल्यावर काही वर्षांनी त्याच्या लघवीतून रक्त जायला लागलं. त्याने कोणाला सांगितलं नाही. लेकीला संडासात दिसलं म्हणून कळलं. एका मूत्रपिंडात कॅन्सरची गाठ निघाली, ते काढलं. त्यातून उठला. पण पुढच्या तपासणीत फुप्फुसात बारीक गाठी दिसल्या. आजार तिथे पोचला होता.

डॉक्टर शांत माणूस. घाई असली तरी खुर्चीत बसून बोलायचे. त्यांनी सांगितलं की सलाईनमधून एक औषध देणार आहेत. "हे औषध गाठीला स्वतः मारत नाही. आपल्या रक्तात पहारेकरी पेशी असतात. गाठीने त्यांना थोपवून धरलंय. औषध ती अडवणूक काढतं. पुढचं काम पेशींनी करायचं."

कपाटाने विचार केला. "म्हणजे माल शरीरच उचलणार. औषध फक्त दार उघडं धरणार."

"तसंच," डॉक्टर म्हणाले. "म्हणून उचलणारा धडधाकट हवा. तुम्ही व्यायाम करा."

व्यायामाने गाठ जाते का, हे लेकीने विचारलं. डॉक्टर म्हणाले, "असं मी म्हणणार नाही. व्यायाम केला की या पेशी रक्तात जास्त संख्येने फिरायला निघतात, एवढं दिसलंय. त्याचा गाठीवर किती परिणाम होतो याचा अभ्यास चालू आहे. थकवा मात्र नक्की कमी होतो, आणि माणूस उपचार झेपण्याइतका उभा राहतो. तेवढ्यासाठी तरी करा."

व्यायामाचा हॉल दवाखान्याच्या तळघरात होता, धुलाईखान्याच्या शेजारी. छताला गरम पाण्याचे नळ, हवेला उकळलेल्या चादरींचा वास. तिथली फिजिओ बांध्याने लहान, आवाजाने मोठी. कपाट तिला मास्तरीणबाई म्हणायला लागला. तिने हरकत घेतली नाही.

सुरुवातीला मी व्यायामाला त्याच्याबरोबर जात नव्हतो. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. लेकीचं कपडे दुरुस्तीचं दुकान, सकाळी गिऱ्हाईक असायचं. कपाट एकटा बसने जायचा. परत आला की मी फोन करायचो. "कसा झाला व्यायाम?" "झाला." याच्या पुढे तो फोनवर कधी गेला नाही.

डोळा बरा झाल्यावर मी त्याच्या घरी गेलो. तो दारातल्या स्टुलावर बसला होता. एक बूट पायात, दुसरा हातात, आणि तसाच झोपलेला. मी हातातला बूट काढून घेतला तेव्हा जागा झाला.

"बाहेर निघालास की आलास?"

"आठवत नाही," तो म्हणाला आणि हसला.

ओट्याच्या वरच्या फळीवर डबे रांगेने मांडलेले होते. हिरवी पावडर, कुठल्याशा अळंब्यांची पावडर, चहाच्या पानांच्या अर्काच्या गोळ्या, तेलाचे थेंब. प्रत्येकावर एक पान किंवा उगवता सूर्य. लेकीने फोनवर वाचून वाचून जमवले होते. त्या दिवशीही तिने ग्लासात ते सगळं ढवळून दिलं. कपाटाने डोळे मिटून एका दमात संपवलं.

"काय पितोस हे?" ती दुकानात गेल्यावर मी विचारलं.

"कुंपण रंगवून उरलं असेल."

"डॉक्टरांना माहीत आहे?"

"औषध थोडंच आहे. डब्यावर पान काढलंय बघ."

"सांगून टाक की."

"ती रात्र रात्र वाचत बसते," तो म्हणाला. "डॉक्टर नको म्हणाले तर तिने काय करायचं?"

त्याच्या पुढच्या सलाईनला मी बरोबर गेलो. आधी रक्त तपासतात. त्याचा निकाल आला आणि डॉक्टरांनी आम्हाला आत बोलावलं. मास्तरीणबाईही होती. आपल्या माणसांच्या तपासणीला ती वर यायची.

"लिव्हरचे आकडे वाढलेत," डॉक्टर म्हणाले. "आज सलाईन देता येणार नाही."

"मग उद्या येतो," कपाट म्हणाला.

"उद्याही नाही. आधी कारण कळू दे. आपण पहारेकऱ्यांना मोकळं सोडलंय. कधी कधी ते चोराला सोडून घरच्यालाच धरतात. तसं लिव्हरमध्ये होत असेल तर हे औषध थांबवावं लागेल. कदाचित कायमचं."

"दुसरं औषध असेल ना?" मी विचारलं.

"आहे. पण याच्यावर माझी जेवढी भिस्त आहे तेवढी त्याच्यावर नाही."

कपाट टोपी गुडघ्यावर ठेवून बसला होता, मालक पैसे आणायला आत गेल्यावर बसायचा तसा.

"दुसरंही कारण असू शकतं," डॉक्टर म्हणाले. "बाहेरचं काही घेता का? पावडर, गोळ्या, काढा?"

"नाही."

"व्यायाम अंगाबाहेर जातोय का?"

"छे. फूल आहे."

मी मान वर केली. मास्तरीणबाई माझ्याकडेच बघत होती.

"हे मला रोज हेच सांगतात," ती म्हणाली. "मी विचारते, श्रम किती वाटले, शून्य ते दहात सांगा. हे म्हणतात, आकडे नकोत, फूल आहे. रक्तदाबाच्या गोळीने यांची नाडी चढत नाही, म्हणून मला शब्दावरच विसंबावं लागतं. मी वजन वाढवत गेले. पण परवा फूल म्हणताना यांचा ओठ दाताखाली होता. ते माझ्या डोक्यातून जाईना." ती माझ्याकडे वळली. "काका, तुम्ही यांच्याबरोबर काम केलंय ना? मला सांगा, फूल म्हणजे किती जड?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न बाहेरच्या माणसाने कधी विचारला नव्हता. शब्द ऐकणारे पुष्कळ होते. सगळे हसून पुढे जायचे. मी कपाटाकडे बघितलं. तो भिंतीकडे बघत होता. टोळीचा शब्द टोळीबाहेर सांगायचा नसतो. पण टोळीत आता उरलो होतो आम्ही दोघं, आणि त्यातला एक कमी व्हायची गोष्ट चालली होती.

"पियानोएवढं," मी म्हणालो.

मग हलकं, कापूस, फूल, सगळं सांगितलं. मास्तरीणबाई ऐकता ऐकता खुर्चीत बसली.

"म्हणजे हे थांबा म्हणत होते आणि मी वाढवत होते."

"मी थांबा नव्हतो म्हणत," कपाट म्हणाला. "थांबायचं असतं तर थांबलो असतो."

"तेच तर," ती म्हणाली.

डॉक्टर मात्र खुर्चीत पुढे सरकले होते. "स्नायूंवर फार ताण आला तरी यातले काही आकडे वाढतात. ही चांगली बातमी असू शकते."

"पावडरींचं तू सांगतोस की मी?" मी कपाटाला विचारलं.

"चुगलखोर."

"हो."

त्याने टोपी गुडघ्यावर एकदा फिरवली. "लेकीला यात आणू नका," तो डॉक्टरांना म्हणाला.

"लेकीला नाही आणत. डबे आणा."

लेक स्वतःच घेऊन आली, दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून; आम्ही दोघंही बरोबर होतो. पिशवीतून एकेक डबा काढून टेबलावर मांडत गेली तसा तिचा चेहरा उतरत गेला. डॉक्टरांनी प्रत्येक डबा हातात घेऊन बारीक अक्षरं वाचली. घाई केली नाही. चहाच्या अर्काच्या गोळ्या त्यांनी बाजूला काढल्या.

"मीच केलं का हे?" तिने विचारलं.

"ते मला अजून माहीत नाही. संशयित तीन आहेत. सलाईनचं औषध, अति व्यायाम आणि हे डबे. चहा वेगळा आणि त्याचा गोळीतला अर्क वेगळा. असा अर्क काही जणांच्या लिव्हरला बाधतो. सलाईन थांबवली आहेच. व्यायाम कमी करू, डबे बंद करू आणि दर आठवड्याला रक्त बघू. आकडे खाली आले की एकेक परत आणू. डबे सोडून."

"मी तर प्रतिकारशक्ती वाढायला दिलं होतं."

"लोक देतात. पण जास्त गोळ्या म्हणजे जास्त शक्ती असं होत नाही, आणि काहींचा औषधाला अडथळा होईल की काय अशी शंका आहे. यांच्या रक्तात ड जीवनसत्त्व खरोखर कमी आहे, ते मी लिहून देतो. बाकी अंडी, दूध, कडधान्यं. पोटभर जेवू दे." मग त्यांनी डबे स्वतः पिशवीत भरून दिले. "आणि एक सांगतो. लघवीतलं रक्त तुम्ही बघितलं म्हणून हे माझ्यापर्यंत आले. ते विसरू नका."

हे बोलायची त्यांना गरज नव्हती. दारात पुढचा पेशंट उभा होता. तरी बोलले. मी त्यांचा आभारी आहे तो औषधाइतकाच या वाक्यासाठी.

परतताना बसमध्ये बापलेक माझ्या पुढच्या बाकावर होते.

"बाबा, आवडत नव्हतं तर प्यायलात कशाला?"

"तू ढवळायचीस ते बघायला बरं वाटायचं."

"मग सांगायचं ना. मी नुसतं दूध ढवळलं असतं."

"साखर घालून?"

"साखर घालून."

त्यानंतरचे आठवडे वाट बघण्यात गेले. वाट बघणं हे काम कपाटाला येत नव्हतं. ते मास्तरीणबाईने शिकवलं.

तिने आमचेच शब्द घेतले. "गाणं म्हणता आलं तर हलकं," ती म्हणाली. "बोलता आलं तर कापूस. बोलणं तुटायला लागलं की फूल. माझ्या हॉलमध्ये कापसापर्यंतच. फूल आलं की खाली ठेवायचं."

"मध्येच?"

"मध्येच."

"आमच्यात मध्ये टेकवत नाहीत, बाई."

"तुमच्यात पियानो वर पोचला की काम संपायचं. हे काम रोज आहे. आज सगळं उचललंत तर उद्या काय उचलणार?"

मला तिने त्याच्या समोर स्टूल दिलं. "तुम्ही फक्त तोंड बघा." ते काम मला येत होतं.

तो गाणं म्हणायला तयार नव्हता, म्हणून शीळ ठरली. सायकलवर शीळ घालत बसायचा. शेजारच्या धुलाईखान्यातल्या बायका डोकावून फर्माईश करायच्या. वजनाची वेळ आली की मात्र जुनं खोड वर यायचं. कापूस म्हणायचा आणि ओठ दाताखाली जायचा. मी स्टुलावरून हात वर करायचो. मास्तरीणबाई वजन काढून घ्यायची.

"माझ्यावर पंच बसवलाय," तो कुरकुरायचा.

"तुम्ही खरं बोला, पंच घरी जाईल."

एका सकाळी दोन हातात दोन वजनं घेऊन तो लाकडी पायरीवर चढत उतरत होता. बेताची वजनं. मी ओठाकडे बघत होतो. ओठ मोकळा होता. तो चढला, उतरला आणि थांबला.

"जड आहे," तो म्हणाला.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. उभ्या आयुष्यात मी त्याच्या तोंडून तो शब्द ऐकला नव्हता. बायको गेली तेव्हा नाही. मूत्रपिंड काढलं तेव्हा नाही.

मास्तरीणबाईने काही कौतुक केलं नाही. फक्त म्हणाली, "मग ठेवा."

त्याने वजनं खाली ठेवली. दोन्हींचा आवाज झाला नाही. ठेवणं तर त्याला पहिल्यापासून येत होतं.

आकडे आठवड्यागणिक उतरत गेले आणि जागेवर आले. डॉक्टरांनी आधी थोडा व्यायाम वाढवला. आकडे हलले नाहीत. मग सलाईन पुन्हा सुरू केली. लेक रक्त तपासायच्या दिवशी गिऱ्हाइकांच्या बाह्या उलट्या शिवायची. पण आकडे जागेवरच राहिले. औषध निर्दोष सुटलं.

डबे की व्यायाम, असं लेकीने डॉक्टरांना एकदा विचारलं. ते म्हणाले, "दोन्ही एकदम काढले, त्यामुळे सांगता येणार नाही. आणि ते शोधायला मी यांना पुन्हा चहाचा अर्क पाजणार नाही."

पुढे बऱ्याच महिन्यांनी फुप्फुसाचा फोटो काढला. गाठी लहान झाल्या होत्या. एक तर दिसेनाच. डॉक्टरांनी पडद्यावर जुना आणि नवा शेजारी शेजारी लावून दाखवले. कपाटाने चष्मा पुसून दोनदा बघितलं.

"व्यायामाने झालं का हे?"

"औषधाने झालं असं मी म्हणेन. व्यायामाने त्यात किती भर घातली ते मला माहीत नाही. पण तुम्ही स्वतःच्या पायाने सलाईनला येताय, जेवताय, झोपताय. तेवढ्याचं श्रेय खाली तळघरात जाऊन द्या."

आम्ही तळघरात गेलो. मास्तरीणबाई एका बाईला रबराचा पट्टा ओढायला शिकवत होती. कपाट तिचं होईपर्यंत दाराशी उभा राहिला. आभार मानायची त्याला सवय नाही. सामान पोचवल्यावर लोकांनी चहा दिला तरी तो कप परत देताना नुसती मान हलवायचा. ती जवळ आल्यावर म्हणाला, "बाई, तुम्ही विचारलंत."

"काय विचारलं?"

"फूल म्हणजे किती जड ते."

तिने पट्टा हाताला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. मग म्हणाली, "उद्या वेळेवर या."

सलाईन अजून चालू आहे. पुढे काय होईल ते डॉक्टर सांगत नाहीत, आणि आम्ही विचारत नाही. जे झालं तेही पुष्कळ आहे.

परवा लेकीने दुकान त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर हलवलं. मशिनं मजुरांनी नेली. उरली एक लाकडी खुर्ची, तिच्या आईची. कपाट म्हणाला, ही मी नेणार. मास्तरीणबाईला फोन करून विचारलं. ती म्हणाली, "खुर्ची चालेल. दोघांनी मिळून."

दोन म्हातारे आणि एक खुर्ची. खालचा दुकानदार बाहेर येऊन बघायला लागला. सवयीने कपाट खालच्या बाजूला गेला. मी म्हणालो, "हो बाजूला," आणि खालचं टोक धरलं. तो उलटा वर चालू लागला. इतक्या वर्षांनी त्याला कळलं की वरून माझं तोंड कसं दिसतं. "काय रे हे," तो म्हणाला, "इतकं वाईट दिसतोस आणि मला कोणी सांगितलं नाही."

वळणावर तो थांबला. शीळ थांबली होती.

"टेकव," तो म्हणाला. "जड आहे."

टेकवली. त्याला खुर्चीत बसवलं आणि मी पायरीवर बसलो. जिन्याच्या खिडकीतून समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी दिसत होत्या. दोघांचाही दम हळूहळू खाली आला. मी त्याच्या ओठाकडे बघितलं. मोकळा होता.

वरून लेकीने कठड्यावरून डोकं काढलं. "बाबा, येऊ का धरायला?"

आमच्या काळात जिन्यातून असं कोणी विचारलं की तो 'फूल आहे' म्हणायचा आणि विचारणारा आत जायचा.

"ये," तो म्हणाला. "खुर्ची नको. मला धर."

ती खाली आली. तिने त्याचा दंड धरला आणि दोघं एकेक पायरी वर गेले. मागून मी खुर्ची उचलली. हलकी होती.